युद्ध संपले, 'कंट्रोल' मात्र राहिला

१५ ऑक्टोबर १९४५ रोजी हिंदुस्थानच्या प्रमाणवेळेची घड्याळे एक तास मागे घेण्यात आली. दिवसाच्या उजेडाचा अधिक उपयोग व्हावा, म्हणून १ सप्टेंबर १९४२ पासून ती तासभर पुढे ठेवलेली होती. जपानच्या शरणागतीनंतर दुसरे महायुद्ध संपले होते आणि युद्धासाठी केलेल्या व्यवस्था एकामागून एक मोडीत निघत होत्या. मुंबईच्या खिडक्यांवरचे काळे कागद उतरले, हवाई हल्ल्याच्या धोक्याचे भोंगे थांबले, घड्याळही पूर्ववत झाले. एक गोष्ट मात्र गेली नाही. स्वयंपाकघरातील डब्यात जपून ठेवलेले रेशनकार्ड तसेच राहिले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रास्त भावाच्या दुकानाला आजही अनेक जण 'कंट्रोल' म्हणतात. 'कंट्रोलची साखर', 'कंट्रोलचे गहू' हे शब्दप्रयोग तिथे सर्रास ऐकू येतात. हा शब्द युद्धकाळातील नियंत्रण आदेशांमधून आला, ही गोष्ट बोलणाऱ्याच्या गावीही नसते. केवळ हा एक शब्दच नव्हे, तर रेशनकार्ड, पागडीची खोली, महागाई भत्ता, दिवाळीचा बोनस, काळाबाजार अशा ज्या गोष्टींभोवती पुढची अनेक दशके शहरी मराठी माणसाचा संसार फिरत राहिला, त्यातील बहुतेकींना आजचे रूप युद्धाच्या त्या सहा वर्षांत मिळाले. लढाई ब्रह्मदेशाच्या सीमेवर, आफ्रिकेच्या वाळवंटात आणि इटलीच्या डोंगरांत झाली. मुंबईवर शत्रूचा एकही बाँब पडला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर झालेला भीषण स्फोट हा अपघातच होता. तरीही या युद्धाने मुंबईकरांच्या घरात जो प्रवेश केला, तो कायमचा.

नोटांचा पूर, धान्याची ओढ

युद्ध घरापर्यंत पोहोचले ते महागाईच्या वाटेने. ब्रिटिश सरकारने युद्धासाठी हिंदुस्थानात कापड, धान्य, चामडे, यंत्रसामग्री यांची प्रचंड खरेदी केली. या खरेदीची किंमत लंडनमध्ये हिंदुस्थानच्या खाती पौंडांत जमा होत होती. हा पैसा युद्ध संपेपर्यंत वापरता येण्याजोगा नव्हता. इकडे मात्र त्या जमेच्या आधारावर नोटा छापून विक्रेत्यांना पैसे दिले जात होते. युद्धाच्या आरंभी सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपताना हा आकडा अकराशे कोटींच्या पुढे गेला होता. बाजारात पैसा सहापट झाला आणि माल उलट घटला. त्यामुळे घाऊक किमती दुपटीहून अधिक वाढल्या.

धातूची टंचाई तर खिशातच जाणवत होती. १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट पुन्हा अवतरली. चांदीचा जुना रुपया लोकांनी गाडग्यामडक्यांत दडवला. सुट्ट्या पैशांची एवढी चणचण झाली, की सरकारने १९४३ मध्ये मधोमध भोक असलेला पैसा काढला. त्या भोकामुळे धातूची बचत होत असे. 'भोकाचा पैसा' पुढे लहान मुलांच्या खेळण्यातली वस्तू बनला, पण त्याचे मूळ युद्धाच्या टंचाईत होते.

मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईतील कोकणी कष्टकऱ्यांच्या ताटात या तांदळाचा मोठा वाटा होता. बंगालमध्ये १९४३ साली जे घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मुंबईत तशी वेळ आली नाही. याचे महत्त्वाचे कारण म्हणजे मे १९४३ मध्ये शहरात सुरू झालेले शिधावाटप. हिंदुस्थानातील मोठ्या शहरांमध्ये ही व्यवस्था सर्वप्रथम अमलात आणण्याचा मान मुंबईकडे जातो. त्याच वर्षी थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीने एक लाखाहून अधिक वस्तीच्या सर्व शहरांत शिधावाटप करावे आणि प्रौढ माणसाला दररोज एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य मिळावे, अशी शिफारस केली.

शिधावाटपाचा हा निर्णय आज साधा वाटतो, पण त्यामागची कल्पना क्रांतिकारक होती. तोपर्यंत सरकार सर्वसामान्य माणसाला सारा वसूल करणारे, शिक्षा करणारे आणि क्वचित दुष्काळी कामे काढणारे म्हणून माहीत होते. आता तेच सरकार घरात किती माणसे आहेत, त्यात मुले किती, पाहुणे किती दिवस राहणार, याची नोंद करू लागले. लक्षाधीश आणि झाडूवाला यांच्या कार्डावर धान्याचे प्रमाण एकच लिहिले जाऊ लागले. अर्थात लक्षाधीशाला काळ्याबाजाराची वाट मोकळी होती. तरीही पोटाला किमान धान्य देणे ही सरकारची जबाबदारी आहे, ही समजूत जनमानसात रुजली ती याच वेळी.

शांतता आली आणि शिधा घटला

युद्ध संपले की स्वस्ताई येईल, अशी सर्वांची अपेक्षा होती. घडले ते उलटेच. १९४५च्या अखेरीस पावसाने दगा दिला. जगभरच धान्याचा तुटवडा होता. १९४६च्या आरंभी देशातील शिधा दरडोई बारा औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमवर आणण्यात आला. विजयाच्या पहिल्या वर्षात माणसाच्या वाट्याला युद्धकाळापेक्षाही कमी धान्य आले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक तळावरील खलाशांनी जो संप पुकारला आणि पाहता पाहता ज्याचे बंडात रूपांतर झाले, त्याची ठिणगीही निकृष्ट जेवणाच्या तक्रारीतून पडली होती. त्यामागे वर्णभेदाची चीड होती, आझाद हिंद सेनेविषयीची सहानुभूती होती. पण सुरुवात झाली ती ताटापासून.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा नियंत्रणे ठेवावीत की उठवावीत, हा देशापुढील तातडीचा प्रश्न होता. नियंत्रणांमुळे लबाडी वाढते, काळाबाजार फोफावतो आणि लोक परावलंबी होतात, असे गांधीजींचे मत होते. १९४७च्या अखेरच्या महिन्यांत त्यांनी प्रार्थनासभांमधून ते वारंवार मांडले. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठवण्यास प्रारंभ झाला. दुसऱ्या वर्षी भाव असे भडकले, की १९४८च्या शरद ऋतूत ती पुन्हा लादावी लागली. पुढे अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांच्या काळात, १९५२ ते १९५४ या दरम्यान, ती टप्प्याटप्प्याने सैल झाली. योगायोग असा, की ब्रिटनमधील शिधावाटपही जुलै १९५४ मध्येच संपुष्टात आले. फरक एवढाच, की तिथे ते खरोखर संपले. भारतात ते दुष्काळाच्या वर्षांत परतले. १९६५ साली अन्न महामंडळ स्थापन झाले. १९६६ मध्ये मुंबईत पुन्हा वैधानिक शिधावाटप आले. १९९७ मध्ये गरिबांपुरती लक्ष्याधारित व्यवस्था झाली आणि २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. प्रत्येक वेळी नाव वेगळे होते. दुकान, कार्ड आणि रांग ही त्रिमूर्ती मात्र १९४३चीच राहिली.

ताट, पातळ आणि कचेरी

सरकारी निर्णयांपेक्षा खोलवर झालेले बदल घरातल्या सवयींचे होते. शिध्यात नुसता तांदूळ मिळत नसे. त्यासोबत गहू, बाजरी, ज्वारी जे उपलब्ध असेल ते घ्यावे लागे. ज्या कोकणी घरांत दोन्ही वेळा भात शिजत असे, तिथे पोळपाट-लाटण्याचे काम वाढले. देशावरच्या भाकरीवाल्यांना गहू आणि किनारपट्टीवरच्या भातवाल्यांना पोळी अशी ही सक्तीची देवाणघेवाण होती. आरंभी तिला नाके मुरडली गेली. पुढच्या पिढीला पोळी-भात हेच आपले परंपरागत जेवण वाटू लागले. अशी तडजोड सर्वत्रच चालली होती. बंगळूरच्या 'मावळी टिफिन रूम्स'मध्ये याच काळात तांदळाच्या टंचाईमुळे रव्याची इडली करून पाहण्यात आली, असे त्या हॉटेलच्या इतिहासात सांगितले जाते. शुद्ध तूप परवडेनासे झाल्यावर वनस्पती तुपाचा डबा अनेक घरांत शिरला. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या 'डालडा'चे नावच पुढे वनस्पती तुपाला पडले. 'डालड्याचे लाडू' हा टोमणा त्याच ओढाताणीची आठवण आहे.

कापडाचीही तीच कथा. जून १९४३ मध्ये कापड आणि सूत नियंत्रण आदेश निघाला आणि गिरण्यांना कापडावर किंमत छापण्याचे बंधन आले. घासाघीस करून भाव ठरवण्याची सवय असलेल्या ग्राहकाला छापील किंमत ही नवलाईची गोष्ट होती. त्याच दशकात शहरी मराठी स्त्रियांमध्ये नऊवारी लुगडे मागे पडून पाचवारी गोल पातळ रूढ झाले. या बदलाची सुरुवात युद्धापूर्वीच कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी केली होती आणि तिला शिक्षण, फॅशन, गाडीघोड्याचा प्रवास अशी अनेक कारणे होती. पण कापड मोजून मिळत असताना चार वार कमी लागणे, ही सासूबाईंनाही पटणारी सबब होती. घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध मावळण्यास टंचाईने हातभार लावला असावा.

याहूनही मोठा बदल झाला तो कचेरीत. युद्धामुळे सरकारी खाती फुगली. शिधावाटप, पुरवठा, हिशेब यांसाठी हजारो कारकून हवे होते. शिक्षिका आणि परिचारिका या दोनच नोकऱ्या मान्य असलेल्या मध्यमवर्गातील शिकलेल्या मुली आता कचेऱ्यांतील टेबलांवर दिसू लागल्या. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या सहायक सैन्यदलात काही जणींनी गणवेशही चढवला. नोकरीमागे बहुधा हौस नसे; वडिलांच्या पगारात भागत नाही, हे साधे कारण असे. पण एकदा मुलीचा पगार घरखर्चात धरला जाऊ लागला, की तिच्या लग्नाचे वय, तिचे घराबाहेरचे वावरणे, घरातील तिच्या मताचे वजन हे सारेच बदलते. युद्ध संपल्यावर युरोपात अनेक स्त्रियांना नोकऱ्या सोडून घरी परतावे लागले. इथे महागाई गेली नाही, त्यामुळे नोकरीही गेली नाही.

१ सप्टेंबर १९४०चे भाडे

मुंबईच्या जीवनावर सर्वांत दीर्घ सावली पडली ती भाडेनियंत्रणाची. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१८ मध्ये, मुंबई सरकारने घरभाड्यावर युद्धकालीन निर्बंध घातले होते. ते यथावकाश संपले. १९३९ मध्ये नवा कायदा झाला आणि युद्धानंतर १९४७ मध्ये त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच प्रमाणभूत मानले. त्या काळात हे अगदी आवश्यक होते. १९४१ मध्ये मुंबई बेटाची वस्ती सुमारे पंधरा लाख होती, ती १९५१ मध्ये तेवीस लाखांच्या पुढे गेली. युद्धकाळात गिरण्या, गोद्या आणि कारखाने रात्रंदिवस चालत होते आणि नंतर फाळणीचे निर्वासित आले. नियंत्रण नसते, तर गिरगाव-परळच्या चाळींतून कामगार आणि कारकून कधीच हुसकावले गेले असते.

हा कायदा काही वर्षांपुरता होता. पण त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवली गेली. पगार वाढले, दुरुस्तीचा खर्च शतपटीने वाढला, भाडे मात्र १९४०च्या तारखेला खिळून राहिले. त्यातून एक अजब व्यवस्था निर्माण झाली. खोलीचे मासिक भाडे नगण्य, पण ती हस्तांतरित करताना द्यावी लागणारी पागडी मात्र हजारोंत, पुढे लाखोंत. घर मालकाचे असूनही मालकाचे नाही आणि भाडेकरूचे नसूनही त्याचेच, अशी ही स्थिती होती. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि कोणी नव्याने भाड्याची घरे बांधेना. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर लावण्यात आला, तेव्हा अशा जुन्या इमारतींची संख्या एकोणीस हजारांहून अधिक होती. दर पावसाळ्यात कोसळणाऱ्या चाळींच्या बातम्यांमागे पावसाइतकीच ही तारीखही असते.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गोठलेल्या भाड्यामुळेच दक्षिण आणि मध्य मुंबईत गिरणी कामगार, शिक्षक, कारकून यांच्या तीन-तीन पिढ्या टिकल्या. चाळीतील गणेशोत्सव, व्यायामशाळा, भजनी मंडळे, कामगार रंगभूमी आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील गल्लीबोळांतून निघालेले मोर्चे यांना जो स्थिर शेजार लागतो, तो या कायद्याने दिला. त्याच वेळी त्याने दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार कोंबले, कारण नवी खोली परवडत नव्हती आणि जुनी सोडवत नव्हती. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभूत भाडे गोठवणाऱ्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे म्हटले. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पागडीलाही त्याने मान्यता दिली. युद्धकाळातील एक बेकायदा तोडगा साठ वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात दाखल झाला.

छावण्यांची गावे झाली

घरांचा प्रश्न काही ठिकाणी युद्धानेच सोडवला. कल्याणजवळ लष्कराच्या पाच मोठ्या छावण्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या ओस पडल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या बराकींत वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर या शहराची रीतसर स्थापना झाली. तिथल्या वस्त्या आजही 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' अशाच ओळखल्या जातात. पत्ता सांगणाऱ्याला त्यात लष्कर आठवत नाही, एवढी ती नावे अंगवळणी पडली आहेत.

कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यात स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. ते गेल्यानंतर तिथेही सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर ही वसाहत उभी राहिली. दक्षिण महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील कापड दुकानदार आज ज्या घाऊक बाजारपेठेत खरेदीला जातात, तिचा पाया एका दूरच्या युद्धात बेघर झालेल्या पोलिश माणसांच्या छावणीवर उभा आहे.

भत्ता, बोनस आणि काळा पैसा

मध्यमवर्गाच्या आणि कामगारांच्या महिन्याच्या हिशेबातही युद्धाने दोन कायमचे रकाने घातले. पहिला महागाई भत्त्याचा. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी या भत्त्यासाठी सुमारे चाळीस दिवसांचा संप केला. पुढे भत्त्याची सांगड राहणीमानाच्या खर्चाच्या निर्देशांकाशी घातली गेली आणि 'पॉइंट किती वाढले' हा प्रश्न गिरणगावात हवापाण्याइतका नेहमीचा झाला. सरकारी नोकरांनाही भत्ता मिळू लागला. न्या. वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने १९४७ मध्ये आपल्या अहवालात त्याचा विचार केला. युद्धाची महागाई ओसरेपर्यंत द्यायची ही रक्कम पगाराचाच भाग बनली.

दुसरा रकाना बोनसचा. युद्धकाळात गिरण्यांनी अमाप नफा कमावला. त्यातला वाटा कामगारांनी मागितला आणि मालकांनी तो खुशीची बक्षिसी म्हणून दिला. एकदा मिळालेली बक्षिसी दुसऱ्या वर्षी हक्क वाटू लागते. वाद न्यायाधिकरणांपुढे गेले. १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने बोनस मोजण्याचे सूत्र ठरवले आणि १९६५ मध्ये संसदेने कायदाच केला. दिवाळीची खरेदी, मुलांचे कपडे, घरातील एखादे नवे भांडे यांचे वेळापत्रक बोनसच्या तारखेवरून ठरू लागले ते यातूनच.

नफ्याचा आणखी एक भाग होता, तो कोणत्याही हिशेबात नव्हता. नियंत्रित भाव आणि बाजारातील खरा भाव यांतील अंतर जिथे होते, तिथे काळाबाजार होता. साठेबाज, नफेखोर हे शब्द याच काळात वृत्तपत्रांच्या मथळ्यांवर आले. १२ जानेवारी १९४६ रोजी सरकारने वटहुकूम काढून पाचशे, एक हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा रद्द केल्या. युद्धात दडवलेला पैसा बाहेर काढावा, हा हेतू होता. यातील बहुतांश नोटा परत आल्या. १९७८ आणि २०१६ मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा पहिल्या नोटाबंदीची आठवण फार थोड्यांना होती. वरिष्ठ अधिकाऱ्याची ओळख, दुकानदाराशी सलगी, चिठ्ठी, 'वरचे पैसे' हे सारे रोजच्या व्यवहाराचे भाग बनले. एरवी सचोटीने वागणारा मनुष्य मुलीच्या लग्नासाठी जास्तीची साखर मात्र मागच्या दाराने घेऊ लागला. लहानसहान नियमभंगाविषयीची लाज कमी होणे, हा या काळाचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला वारसा म्हणावा लागेल.

नावातच 'तात्पुरता'

हे सारे टिकले कसे? युद्धकाळातील नियंत्रणे भारत संरक्षण नियमांखाली होती. युद्धासोबत त्यांचा आधार संपणार होता. म्हणून १९४६ मध्ये जीवनावश्यक पुरवठ्याचा नवा कायदा केला गेला आणि त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. १९५४ मध्ये राज्यघटनेत तिसरी दुरुस्ती करून या क्षेत्रातील केंद्राचे अधिकार पक्के करण्यात आले आणि १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायदा आला. त्याच्या नावात 'तात्पुरता' हा शब्द नव्हता. २०२० मध्ये त्यात केलेली सैल करणारी दुरुस्ती शेती कायद्यांसोबत २०२१ मध्ये मागे घेतली गेली. आयात-निर्यातीवरील नियंत्रण आणि भांडवल उभारणीवरील नियंत्रण यांचीही वाट अशीच होती. १९४७चे हे कायदे १९९२ पर्यंत टिकले. विलायती वस्तूंविषयी मुंबईकरांना वाटणारे अप्रूप आणि त्याच्या आधाराने वाढलेली तस्करी यांची मुळे तिथे सापडतात.

केवळ सरकारच्या हट्टामुळे ही व्यवस्था टिकली, असे म्हणणे मात्र अपुरे होईल. लोकांनाही ती हवी होती. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली. हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर आल्या, तेव्हा त्यांची मागणी रेशन बंद करा अशी नव्हती. दुकानात साखर, तेल, रॉकेल वेळेवर आणि चांगले मिळावे अशी होती. रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या या स्त्रियांना भाव, वजन आणि हक्क यांचे राजकारण कोणत्याही शिबिराशिवाय कळले होते. कुटुंबप्रमुख म्हणून कार्डावर नाव मात्र नवऱ्याचे असे. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये घरातील ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुख ठरवले. रांग तिची होती, तिला नाव मिळायला सत्तर वर्षे लागली.

या व्यवस्थेबाहेर कोण राहिले, हाही प्रश्न आहे. कार्डासाठी पत्ता लागतो. पदपथावर झोपणारा हमाल, हंगामी मजूर, गावाकडे कार्ड आणि शहरात पोट असलेला स्थलांतरित यांना पहिल्यापासूनच त्यात जागा नव्हती. २०२० मध्ये टाळेबंदीत हजारो मजूर मुंबई-पुण्याहून पायी गावाकडे निघाले, त्यामागे मजुरी बुडाल्याइतकेच हेही कारण होते, की ते जिथे राहत होते तिथे त्यांच्या नावाचे धान्य नव्हते. देशात कुठेही शिधा घेता येण्याची योजना त्यानंतर वेगाने पुढे सरकली.

त्याच वर्षी केंद्र सरकारने मोफत धान्याची योजना जाहीर केली ती एप्रिल ते जून या तीन महिन्यांसाठी. मुदत वाढत गेली. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्यच मोफत करण्यात आले आणि १ जानेवारी २०२४ पासून ते आणखी पाच वर्षांसाठी पुढे नेण्यात आले. सुमारे ऐंशी कोटी लोकांच्या चुलीशी निगडित असलेली ही तरतूद आवश्यक आहे, याविषयी फारसे दुमत नाही. १९४३ मधील कार्डही आवश्यकच होते. त्याने माणसे जगवली. १ सप्टेंबर १९४०चे भाडेही त्या दिवशी न्याय्य होते. संकटात घेतलेला निर्णय चूक नसतो, पण संकट ओसरल्यावर त्याचा फेरविचार करण्याचे काम कोणाचेच नसते. मुदतवाढीचा कागद निघतो आणि एक पिढी त्यावर आपला संसार मांडते. मग त्या कागदाला हात लावणे म्हणजे संसाराला हात लावणे होते. घड्याळ एक तास मागे घेणे सोपे होते, कारण त्यावर कोणाचे घर उभे नव्हते.